घरचा व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट: शेंगा नगावर नव्हे, वजनावर

व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट घरी करण्यात हातखंडा लागेल असं काही नाही. शेंगा चिरायच्या, वोडकात बुडवायच्या, बाटली अंधारात ठेवायची आणि थांबायचं. तरीही घरी केलेले बरेच अर्क फिकट निघतात आणि सहा महिन्यांनी झाकण उघडलं तरी नुसत्या दारूचाच वास येतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: वोडका भरपूर आणि शेंगा दोन. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, पण १०० मिलिलिटर मद्याला १० ग्रॅम शेंगा हे प्रमाण पक्कं लक्षात ठेवा.

हा आकडा मनाचा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणून विकायच्या द्रवात एका गॅलनला १३.३५ औंस शेंगांचा अर्क उतरलेला असावा लागतो आणि अल्कोहोल निदान ३५ टक्के असावं लागतं. आपल्या मापात ते लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास येतं. ‘एका कपाला दोन-तीन शेंगा’ असं सांगणाऱ्या कृतींमध्ये याच्या निम्म्यानेही शेंगा पडत नाहीत. शिवाय सगळ्या शेंगा सारख्या नसतात. एखादी दोन ग्रॅमची भरते, एखादी चार ग्रॅमची. म्हणून नग मोजून काही कळत नाही. एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा छोटा डिजिटल काटा जवळ हवा. केक करणाऱ्यांकडे तो असतोच. नसेल तर शेंगांच्या आधी काटा घ्या.

बाजारात मिळणाऱ्या इसेन्सबद्दल

पुण्यात घरून केक करून देणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि त्यांतल्या बहुतेकींच्या ओट्यावर इसेन्सची छोटी बाटली असते. त्यात सहसा शेंग नसते, कारखान्यात तयार केलेलं व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक असतो. लेबल वाचलंत की ‘कृत्रिम स्वाद’ किंवा ‘नैसर्गिक स्वादासारखे पदार्थ’ अशा अर्थाचे शब्द दिसतात. हे व्हॅनिलिन जर्मनीत विल्हेल्म हारमान आणि फर्डिनांड टीमान यांनी १८७४ मध्ये पाइनच्या झाडातल्या एका घटकापासून पहिल्यांदा बनवलं. आज ते मुख्यतः पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनातून तयार होतं.

म्हणून इसेन्स टाकून द्या असं मी म्हणणार नाही. नानकटाई, चॉकलेट केक, बिस्किटं अशा जोरदार भाजल्या जाणाऱ्या किंवा दुसऱ्या ठसठशीत चवीच्या पदार्थांत तो चांगलं काम करतो आणि तिथे महागडा अर्क ओतणं मला पटत नाही. खऱ्या शेंगेत मात्र व्हॅनिलिनबरोबर दोनशेहून जास्त सुवासिक घटक असतात. दूध, साय, लोणी, साखर अशा शांत चवींच्या पदार्थांत ते कळतात. घरचं आइस्क्रीम, कस्टर्ड, साधा स्पंज, केकवरचं क्रीम यांसाठी मात्र खरा अर्क घरात असायलाच हवा.

शेंगा महाग का, हे आधी समजून घ्या

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतली एक ऑर्किडची वेल. तिचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात एकेका फुलाचं परागीकरण हाताने करावं लागतं. ती युक्ती १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली: बारीक काडीने फुलातला पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. जगभरच्या बागांमध्ये आजही हेच केलं जातं. त्या मुलाला त्याच्या शोधातून काहीही मिळालं नाही, पण पुढचा सगळा व्यापार त्याच्या त्या काडीवर उभा राहिला.

शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात आणि तोडलेल्या हिरव्या शेंगेला वासच नसतो. ती गरम पाण्यात बुडवायची, कापडात गुंडाळून घाम फुटू द्यायचा, रोज थोडं ऊन दाखवायचं, मग सावलीत महिनोन्महिने मुरवायची. तेव्हा कुठे आतला वास मोकळा होतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार माल हाती येतो. कोणी ‘ताज्या’ हिरव्या शेंगा स्वस्तात देत असेल तर त्या एक्स्ट्रॅक्टला उपयोगाच्या नाहीत, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत व्हॅनिला होतो. २००३ च्या सुमारास जगात भाव प्रचंड चढले तेव्हा तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी वेली लावल्या आणि लगेचच भाव कोसळल्यावर अनेकांनी त्या उपटूनही टाकल्या. ज्यांनी टिकवल्या त्यांचा माल चांगला असतो. शक्यतो तो घ्या. मादागास्करच्या शेंगा ‘बर्बन’ म्हणून विकल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण जात आपल्याकडच्या शेंगांचीच आहे. ताहितीची जात वेगळी, फुलांसारख्या आणि किंचित बडीशेपेच्या वासाची. पहिल्या बाटलीसाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

शेंगा घेताना

शेंगांच्या ढोबळ दोन प्रती असतात. ‘ए’ प्रत म्हणजे जाड, तेलकट, बोटाला गुंडाळता येईल इतकी मऊ. ‘बी’ प्रत सडसडीत, कोरडी, थोडी तांबूस. एक्स्ट्रॅक्टला ‘बी’ घ्यायची. ‘ए’ प्रतीत ओलावा जास्त, म्हणजे वजनात तुम्ही पाण्याचे पैसे देता आणि ते पाणी वोडकात उतरून तिची तीव्रताही कमी करतं. ‘बी’ कोरडी असली तरी वाकवल्यावर लगेच तुकडा पडावा इतकी वाळकी नको. सुपरमार्केटात काचेच्या नळीत एकच शेंग मिळते, ती अर्कासाठी सर्वात महागात पडणारी खरेदी. २५ किंवा ५० ग्रॅमचं निर्वात पाकीट मागवलंत तर हिशेब बसतो. पुण्यात केकचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत विचारा. तिथे नसेल तर दक्षिणेतल्या उत्पादकांकडून ऑनलाइन येतं. विचारायचे प्रश्न दोन: वजन किती आणि माल कोणत्या हंगामाचा.

पाकीट उघडल्यावर शेंगांवर पांढरं काही दिसलं तर घाबरू नका, पण नीट बघा. बॅटरीच्या उजेडात सुयांसारखे चमकणारे कण असतील तर ते व्हॅनिलिनचे स्फटिक, उत्तम मालाची खूण. मळकट, कापसासारखा लव असलेला थर असेल आणि कोंदट वास येत असेल तर ती बुरशी. ती पुसून शेंग वापरण्याचा मोह टाळा, माल परत करा. उरलेल्या शेंगा फ्रिजमध्ये ठेवू नयेत. तिथे त्या कडक होतात आणि ओल धरतात. हवाबंद बरणीत, कपाटात ठेवल्या की पुरे.

मद्य कोणतं

साधी, कुठलाही स्वाद न घातलेली वोडका. भारतात बनणाऱ्या वोडकाच्या लेबलवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आयात मालावर ४०. दोन्ही चालतात. शेंगेतले काही घटक अल्कोहोलमध्ये विरघळतात, काही पाण्यात, आणि एवढ्या तीव्रतेत दोन्ही गोष्टी असतात. जास्त कडक अल्कोहोल मिळालं तर अर्क जास्त कडक होईल हा समज चुकीचा आहे. फार तीव्र अल्कोहोलने शेंगेची साल आखडते आणि आतलं बाहेर यायला उलट वेळ लागतो. महागड्या वोडकाचाही उपयोग नाही, तिची नजाकत व्हॅनिलाखाली दबून जाते. मधल्या भावाची घ्या.

डार्क रममध्ये केलेला अर्क गुळचट, भारदस्त होतो. नाताळच्या फळांच्या केकला तो फार छान लागतो, पण पांढऱ्या आइस्क्रीमला नाही. ब्रँडीही चालते. जिन नको, तिच्यात ज्युनिपरचा वास असतो. वाइन आणि बिअर तर नकोच, त्यांत अल्कोहोल इतकं कमी असतं की शेंगा नासतील.

आता एक गोष्ट ठासून सांगते. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट, फर्निचरच्या पॉलिशचं स्पिरिट, प्रयोगशाळेतलं अल्कोहोल, सॅनिटायझर यांतलं काहीही वापरायचं नाही. त्यांत मिथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल असू शकतं. मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो. गाळून, उकळून, ऊन दाखवून ते निघत नाही. पिण्यासाठी परवानाधारक दुकानातून विकत घेतलेलं सीलबंद मद्य, बस.

महाराष्ट्रात वोडकासारखं कडक मद्य घ्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच नाममात्र पैशांत मिळतो. कधी दुकानात पाऊल न टाकलेल्या गृहिणींना संकोच वाटतो, तो मी समजू शकते. घरातल्या कोणाला तरी आणायला सांगा आणि ड्राय डे नाही ना एवढं पाहून पाठवा.

पहिल्या खेपेला १८० मिलिलिटरची क्वार्टर पुरते. तिला १८ ग्रॅम शेंगा लागतील, म्हणजे साधारण पाच ते सात. थोडा हात सैल सोडून २० ग्रॅम घातल्या तर आणखी चांगलं. एकदम ७५० मिलिलिटरचा खंबा आणू नका. त्याला ७५ ग्रॅम शेंगा हव्यात आणि पहिल्याच वेळी एवढे पैसे गुंतवायची गरज नाही.

बाटली

काचेचीच. २०० ते २५० मिलिलिटरची, घट्ट फिरकीच्या झाकणाची, जमल्यास तपकिरी. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत अशा बाटल्या मिळतात. घरातली मधाची किंवा जॅमची बाटली चालेल, लोणच्याची नाही. काच धुतली जाते, पण झाकणातल्या रबरात मोहरी-हिंगाचा वास कायमचा बसलेला असतो. बाटली आणि झाकण गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. पावसाळ्यात कापडाने पुसून भागत नाही, पंख्याखाली रात्रभर उलटी ठेवा.

भरायचा दिवस

काम वीस मिनिटांचं आहे. शेंगा तोलून घ्या. सुरीच्या टोकाने प्रत्येक शेंग उभी चिरा, पण दोन्ही बाजू वेगळ्या करायची गरज नाही. मग स्वयंपाकाच्या कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करा, म्हणजे ते तळाशी बसतात. आतल्या काळ्या बिया खरवडत बसू नका, त्या आपोआप सुटतात. सुरीला आणि पाटाला चिकटलेला चीक थोड्या वोडकाने खंगाळून बाटलीतच ओता, सुवास त्यातही आहे.

तुकडे आत टाका, वर वोडका ओता. सगळ्या शेंगा बुडालेल्या हव्यात. हा नियम लोणच्यावर तेलाचा तवंग ठेवण्याइतकाच कडक आहे. वर डोकावणारा तुकडा बुळबुळीत होतो आणि त्यावर बुरशी धरू शकते. झाकण घट्ट लावून हलवा. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, शेंगांचं वजन, कोणतं मद्य. चिठ्ठीवर ‘यात दारू आहे’ हेही ठळक लिहा. घरात लहान मुलं असतील तर बाटली त्यांच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवा, गोड वासाला ती भुलतात.

वाट बघायचा काळ

जागा अंधारी आणि त्यातल्या त्यात थंड हवी. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे गच्चीखालचा माळा किंवा गॅसच्या वरचं कपाट नको. आतल्या खोलीतलं फडताळ बरं. तपकिरी बाटली नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा. उन्हात ठेवली की लवकर होईल असं काही जण सांगतात. ऐकू नका, उजेडाने वास उतरतो.

पहिला आठवडा रोज हलवा, पुढे आठवड्यातून एकदा. दोन-तीन दिवसांतच द्रव सोनेरी होतो, महिन्याभरात तांबूस, नंतर गडद तपकिरी. रंगावर भुलू नका. महिन्याच्या अर्काला रंग असतो, वासात अजून अल्कोहोलचा झणका असतो. आठ आठवडे ही खालची मर्यादा, सहा महिने चांगले, वर्ष झालं तर त्याहून उत्तम. घाईवर उपाय म्हणून कुकरमध्ये किंवा गॅसवर गरम करण्याच्या युक्त्या फिरत असतात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरात उघड्या आचेजवळ हा खेळ कोणीही करू नये.

तयार झालाय का, हे बाटली हुंगून कळत नाही, कारण नाकात आधी अल्कोहोल शिरतं. अर्धा कप गार दुधात चमचाभर साखर विरघळवा, त्यात पाव चमचा अर्क घाला आणि चाखा. गोलसर, लाकडासारखा, किंचित मनुकांसारखा वास आला तर झालं. नुसतं तिखट लागलं तर परत फडताळात ठेवा.

मधल्या काळात तळाशी काळे कण, वर तेलकट तवंग किंवा शेंगांभोवती धागे दिसतील. ते शेंगेतलं तेल, राळ आणि बिया आहेत, काही बिघडलेलं नाही. आंबूस किंवा कुजका वास आला तर मात्र फेकून द्या.

सहा महिन्यांचा हिशेब धरून बाटली भरायची वेळ ठरवा. दिवाळीत भरली तर एप्रिल-मेच्या आइस्क्रीमला आणि घरच्या मस्तानीवरच्या गोळ्याला तयार. जूनमध्ये, पहिल्या पावसात भरली तर नाताळच्या केकला.

दारू नको असेल तर

अनेक घरांत धर्म, व्रत किंवा तब्येत म्हणून दारू चालत नाही. त्यांच्यासाठी खाण्याच्या प्रतीचं वनस्पतिजन्य ग्लिसरीन आहे. तीन भाग ग्लिसरीन आणि एक भाग उकळून गार केलेलं पाणी एकत्र करा. शेंगांचं प्रमाण तेच, जमल्यास १०० मिलिलिटरला १२-१५ ग्रॅम. ग्लिसरीन दाट असल्यामुळे अर्क हळू उतरतो आणि वासही मवाळ राहतो. इथे ज्वालाग्राही असं काही नसल्याने बाटली अधूनमधून कोमट पाण्याच्या भांड्यात तासभर ठेवली तर मदत होते. तयार झाल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवा. ग्लिसरीन घेताना लेबलवर खाद्यपदार्थात वापरण्यायोग्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणी मिसळलेलं ग्लिसरीन किंवा सुट्टं, लेबल नसलेलं ग्लिसरीन घेऊ नका. भेसळीचं ग्लिसरीन जिवावर बेतू शकतं.

वोडकातला अर्क घालून केलेला पदार्थ दुसऱ्याला देणार असाल तर आधी सांगा. भाजताना अल्कोहोल पूर्ण उडून जातं हे खरं नाही, थोडं उरतं. आइस्क्रीममध्ये तर सगळंच राहतं. एका चमच्यात ते जेमतेम दोन मिलिलिटर असतं, पण खावं की नाही हे खाणाऱ्याने ठरवायचं.

वापरताना

इसेन्सचे थेंब पुरतात, घरच्या अर्काला चमचा लागतो. एक कप मैद्याच्या केकला एक लहान चमचा, लिटरभर दुधाच्या आइस्क्रीमला दोन. केकमध्ये तो लोणी आणि साखर फेसतानाच घाला, स्निग्धात वास चांगला धरून राहतो. कस्टर्ड किंवा आइस्क्रीमचं दूध गॅसवरून उतरवून कोमट झालं की घाला. उकळत्या दुधात घातला की निम्मा सुवास स्वयंपाकघरातच दरवळून संपतो. श्रीखंड-बासुंदीत मी तो घालत नाही. तिथे केशर-वेलदोड्याची जागा आहे आणि व्हॅनिला त्यांच्याशी भांडतो.

लागेल तसा थोडा गाळून छोट्या बाटलीत काढा, पातळ मलमलीतून किंवा कॉफीच्या कागदातून. मोठ्या बाटलीत शेंगा राहू द्या, पण द्रवाची पातळी खाली गेली की त्या उघड्या पडतात, हे ध्यानात असू द्या. अशा वेळी नुसती वोडका ओतत राहिलात तर अर्क दर खेपेला पांचट होत जाईल. भर घालायची तर नव्या शेंगांसकट: ५० मिलिलिटर वोडका, ५ ग्रॅम शेंगा, आणि पुन्हा दोन-तीन महिने थांबणं.

अर्क चांगला जमला की ओळखीचे लोक विकत मागतात. भेट द्या, विकू नका. विक्री करायची तर अन्न परवाना लागतो आणि मद्य असल्यामुळे राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियमही लागू होतात.

दोन खेपा होऊन गेलेल्या शेंगांमध्येही थोडा दम उरतो. त्या ताटलीत पसरून सावलीत दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा आणि अर्धा किलो साखरेच्या डब्यात खुपसून ठेवा. पंधरा दिवसांनी ती साखर कॉफीत, शिऱ्यात, फ्रेंच टोस्टवर वापरता येते. हे काम पावसाळा संपल्यावर करा, नाहीतर साखरेचा दगड होतो. शेंगा अगदी कडक वाळल्या असतील तर त्याच साखरेबरोबर मिक्सरमध्ये फिरवून बारीक चाळणीने चाळून घ्या.